चेन गप्प झाली त्या दिवशी

काउंटरमागे उभी असलेली बाई मोटरसायकलचे पार्ट ओळखते, यावर सुरुवातीला कुणाचा विश्वासच बसायचा नाही. गिऱ्हाईक यायचं, माझ्या खांद्यावरून आत डोकवायचं आणि विचारायचं, "शेठ किधर है?" मी म्हणायची, "जेवायला गेलेत. काय पाहिजे?" "नहीं, मैं बाद में आता हूँ." जा बाबा, ये नंतर. नंतर आलास तरी मीच असणार आहे. शेठ माणूस देवासारखा, पण क्लच प्लेट आणि ब्रेक शू यातला फरक सांगताना त्यांना घाम फुटायचा. मग तेच आतून हाक मारायचे, "सुलभाबेन, आ जुओ ने!" म्हणजे, हे जरा बघा ना.

भाईंदर पूर्वेला आमचं स्पेअर पार्टचं दुकान. लेक पहिलीत गेली तेव्हा मी तिथे लागले आणि ती कॉलेज संपवून नोकरीला लागली तरी तिथेच होते. आता गुडघे बोलायला लागले म्हणून सोडलं. दिवाळी अंकवाल्यांनी "तुमच्या कामाबद्दल लिहा" म्हटलं, तेव्हा आधी हसूच आलं. रबर, वायसर आणि नटबोल्टबद्दल काय लिहायचं? मग ठरवलं, ज्या एका पार्टपायी मी जन्मात सगळ्यात जास्त घाबरले, त्याच्याबद्दलच लिहावं. तो मी नुसता विकला असता तर काही बिघडलं नसतं. तो मी माझ्या हाताने बसवला, आणि माझी एकुलती एक मुलगी त्या गाडीवर बसून निघून गेली.

आधी आमचा धंदा सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

स्पेअरच्या दुकानात एकच मंत्र, नमुना आणा. म्हणजे गाडीतून निघालेला जुना तुकडा घेऊन या. नावावर जाऊ नका, नावं प्रत्येक मेकॅनिकची वेगळी. एक गृहस्थ काउंटरवर उभे राहून तोंडाने नुसता आवाज काढायचे. "ताई, गाडी असं करते, खर्रर्र टक, खर्रर्र टक. ते द्या." अहो, खर्रर्र टक कुठल्या खोक्यात ठेवू मी? नमुना आणा! नमुना आला की मी तो नव्या पार्टशेजारी ठेवायची, भोकं जुळतात का, लांबी जुळते का बघायची, नवा त्यांच्या हातात द्यायची आणि जुना पायाशी ठेवलेल्या डब्यात टाकायची. झालं माझं काम. तो कसा बसवायचा ते मेकॅनिक जाणे. पाना म्हणून कधी हातात धरला नाही.

गिऱ्हाइकांची तक्रार मात्र जवळजवळ नेहमी एकच, आवाज येतो. गाडी हळू पळते म्हणून येणारे थोडे, आवाज येतो म्हणून येणारे रोजचे. त्यामुळे माझ्या डोक्यात कायमचं बसलं होतं की आवाज म्हणजे आजार आणि गप्प गाडी म्हणजे निरोगी गाडी.

राई गावातले एक दामू नाखवा यायचे. जुनी बुलेट, मागे बर्फाची आणि मासळीची टोपली. त्यांना वर्षातून दोन-तीनदा तरी एकच पार्ट लागायचा, प्रायमरी चेनचा टेन्शनर. या नावावरचे सगळे विनोद मी ऐकलेले आहेत, तुम्ही करू नका.

तर हा टेन्शनर म्हणजे काय? बुलेटच्या डाव्या अंगाला एक मोठं गोलसर झाकण असतं. त्याच्या आत तेलात बुडालेली एक जाड चेन इंजिनाची ताकद क्लचला पोचवते. मागच्या चाकाची चेन वेगळी, ती सगळ्यांना दिसते. ही आतली, पडद्यातली. वापरून वापरून ती लांबते आणि लोंबायला लागते, ओली चादर टाकल्यावर वाळत घालायची दोरी लोंबते ना, तशी. म्हणून तिच्या पोटाखाली एक वाकडी पट्टी असते, वरून रबरासारखं अस्तर लावलेली. स्क्रूने ती वर ढकलली की चेन ताणली जाते. एवढंच. हातभर सुद्धा नाही, पण ती तुटून चेनमध्ये अडकली तर चाक जागच्या जागी जाम होऊ शकतं. मग मागून ट्रक येत असला तर काय, ते मी लिहीत नाही.

नाखवा जुनी पट्टी काउंटरवर ठेवायचे. "ताय, ह्यो बी गेला बग."

"अहो नाखवा, मागच्याच सणाला नेलात ना?"

"मंग काय करू? आवाज न्हाय पायजे मना. रफिक मेकॅनिकला सांगतंय, आवळ, आनखी आवळ. जरा खडखड आयली का बायको बोलते, गाडी इका."

मी माल करणाऱ्याला शिव्या घालायची. शेठनी दोनदा कंपनी बदलली. तरी नाखवा येतच राहिले. त्यांची पट्टी मी लांबीला जुळवायची आणि डब्यात टाकायची.

आता माझी मुलगी, केतकी. फिजिओथेरपिस्ट आहे. पोरींनी स्कूटर घ्यावी, तर हिने जुनी बुलेट घेतली, तीही माझ्याच दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकाकडून. आमचे हे म्हणाले, "तुझ्यामुळेच. लहानपणी खेळायला बाहुल्या द्यायच्या, तू बेअरिंगं दिलीस." मध्यंतरी केतकीला नाशिकच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली. सोमवारी रुजू व्हायचं. सामान टेम्पोने पुढे गेलं आणि बाईसाहेब म्हणाल्या, "मी रविवारी गाडीने जाणार." कसारा घाट, ट्रक, एकटी मुलगी. मला आठवडाभर झोप नव्हती. पण बोलून उपयोग नाही, ती माझ्यावर गेली आहे.

त्यातच गाडी वाजायला लागली. डाव्या बाजूने खडखड. मी गॅलरीतून ऐकलं आणि खाली न उतरताच म्हटलं, "टेन्शनर गेलाय तुझा."

आमचा रफिकभाई, म्हणजे नया नगरचा मेकॅनिक, भाचीच्या लग्नाला गावी गेला होता. दुसऱ्या दोन गॅरेजवाल्यांनी जुनी बुलेट बघून हात जोडले. "आंटी, टाइम लगेगा, मंगल के बाद लाओ." केतकी म्हणाली, "आई, आपणच करू या. तुला सगळं माहितीये."

सगळं! मला त्या पट्टीचं वजन माहीत होतं, भोकं माहीत होती, खोक्याचा रंग माहीत होता. ती गाडीत कुठल्या बाजूने सरकते हे मला देवाशपथ माहीत नव्हतं. हे मी तिला म्हटलंही. ती हसली. "मग दोघी शिकू. व्हिडिओ आहेत ना." मी नाही म्हणायला हवं होतं. पण खरं सांगू? एवढी वर्षं "बाई, तुला काय कळतं" ऐकलेली माणूस मी. आपल्या पोरीने "तुला सगळं माहितीये" म्हटलं की छाती फुगते.

शनिवारी सकाळी इंद्रलोकमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही दुकान मांडलं. खाली जुनी चादर, त्यावर पेपर, तेलासाठी कणीक मळायची जुनी परात. सेक्रेटरी खाली आले. "सुलभाबेन, आ शुं? ऑइल पडेल हं, टाइल्स नवी आहे." म्हटलं, "काका, एक थेंब पडला तर मी जिभेने पुसते, जावा तुम्ही." ते गेले नाहीत. खुर्ची मागवून बसले.

फूटरेस्ट काढला, ब्रेकचं पेडल काढलं, जुन्या बुलेटला ते डावीकडेच असतं. मधला मोठा नट सुटेना. केतकीने पान्यावर पाय दिला, तेव्हा कर्रकन सुटला आणि मला वाटलं गाडीचं हाडच मोडलं. झाकण ओढलं तर परातीत काळं तेल भसाभसा. आत बघितलं. सगळे माझेच पार्ट, क्लच, चेन, कॉइल, पण एकमेकांत गुंतलेले. दुकानात ते खोक्यांत सुटे सुटे, शहाण्यासारखे बसलेले असतात.

व्हिडिओतल्या माणसाची गाडी अशी स्वच्छ की तिच्यात वरण वाढावं. त्याने एक नट काढला, पट्टी उचलली, नवी ठेवली. आम्हाला तेवढ्यालाच दुपार झाली. मध्येच एक वायसर माझ्या हातातून सुटून आत, चेनच्या मागे पडला. आता तो आत राहिला तर इंजिनाचा चुराच. बोट पोचेना, चिमटा पोचेना. केतकी वर पळाली आणि फ्रिजवर चिकटवलेला चुंबकाचा गणपती घेऊन आली. दोऱ्याला बांधून आत सोडला. "बाप्पा, आण रे," असं म्हणतच होते, तर टक्कन चिकटून वायसर वर आला. सेक्रेटरीकाकांनी टाळ्या वाजवल्या.

मग नवी पट्टी बसली आणि चेन ताणायची वेळ आली. व्हिडिओत तो माणूस म्हणाला, आता चेन नीट ॲडजस्ट करून घ्या, आणि तिथे त्याने म्युझिक लावलं. पुढे एकदम झाकण बंद! नीट म्हणजे किती, हे कुठेच नाही.

केतकी म्हणाली, "किती आवळू?"

मी बोटाने चेन दाबून बघितली. सैल लागली. म्हटलं, "अजून." परत दाबली. "अजून थोडी." काउंटरवरच्या इतक्या वर्षांच्या खडखडी माझ्या कानात वाजत होत्या आणि त्यातली एकही मला माझ्या पोरीच्या गाडीत नको होती. चेन बोटाला दबेनाशी झाली, तेव्हा मी थांब म्हटलं. झाकण लावलं, तर खालून तेल गळायला लागलं, रबर चेपलं होतं. परत उघडलं, परत लावलं. नवं तेल घातलं. केतकीने किक मारली.

गाडी गप्प. म्हणजे तिची ती मूळची धडधड होती, पण डाव्या बाजूची खडखड औषधालाही नाही. केतकीने मला उचलून गरकन फिरवलं. "आई, तू ग्रेट आहेस!" मी तेलकट हातांनी सेक्रेटरीकाकांना नमस्कार केला. त्या संध्याकाळी मी इतकी खूश होते की तिच्या जाण्याचं दुःखसुद्धा थोडं मागे पडलं.

रविवारी सकाळी तिच्या हातावर दही-साखर ठेवली. मोठ्या स्टीलच्या डब्यात थालीपिठं दिली. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, अशी शपथ घातली. ती वळणावरून दिसेनाशी झाली. आमचे हे आंघोळीला गेले आणि मी पार्किंगमधला पसारा आवरायला खाली आले.

पेपरात गुंडाळलेली जुनी पट्टी होती. हातात आलेला नमुना बघायची खोड काही जात नाही. मी लांबी बघितली, भोकं बघितली. मग ती कचऱ्यात टाकायला हात उचलला आणि मध्येच थांबले. समोर घाईतलं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून असेल, पण पहिल्यांदाच मी तिचं अस्तर उजेडात धरलं.

चेन सैल पडून फटके मारते तेव्हा अस्तर जागोजागी टवके उडाल्यासारखं दिसायला हवं. इथे तसं काही नव्हतं. मधोमध काळपट, काचेसारखं चकचकीत, आणि त्यात बारीक बारीक चिरा. जळलं होतं ते. तव्यावर उलथनं दाबून धरल्यावर पोळी जळते तसं. आणि हे असंच जळलेलं तोंड मी नाखवांच्या प्रत्येक नमुन्यात बघितलेलं होतं. बघितलं कसलं, डोळ्यांसमोरून गेलेलं होतं. आवळ, आनखी आवळ. आवाज न्हाय पायजे मना.

मी तिथेच गाडीच्या रिकाम्या जागी बसले. म्हणजे माल वाईट नव्हता. पट्टी सैल राहून मरत नव्हती, ती आवळून मारली जात होती. आवळल्याने अस्तर जळून झिजायचं, मग चेन लोंबायची आणि खडखड सुरू व्हायची. आणि काल मी काय केलं होतं?

तरी खात्री हवी म्हणून रफिकभाईला गावी फोन लावला. मागे बँड वाजत होता. मी सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं, "भाभी, बंद करने से पहले उंगली से दबाया, तो चेन कितनी दबी?"

"दबलीच नाही, रफिकभाई. नहीं दबी."

तो बँडच्या वरून ओरडला, "ठंडे में नहीं दबी, तो गरम होके क्या होगा? इंजिन गरम होता है तो सब फूलता है, चेन और तन जाती है. बच्ची किधर है?"

"निकल गई. नाशिक."

"अरे मेरे अल्लाह. रोको उसको, भाभी. घाट मत चढ़ने दो."

मी केतकीला फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाही. कसा उचलेल? शपथ कुणी घातली? पुन्हा लावला, पुन्हा लावला. यांना सांगायला वर जायचंही सुचलं नाही. होते त्या गाऊनवर ओढणी घेतली आणि रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली.

"कहाँ जाना है?"

"काशीमिरा, फिर घोडबंदर रोड. जहाँ बुलेट दिखेगी वहाँ तक."

त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. गाऊन, हातात जळकी पट्टी, डोळ्यांत पाणी. "बेटी है? झगड़ के गई क्या?"

"झगड़ के नहीं गई रे बाबा, मैंने ही गाडी बिगाड के दिया है! भगाओ!"

भगाओ म्हणून काय होतंय? काशीमिऱ्याला रविवार असूनही ट्रॅफिक तुंबलेलं. रिक्षावाला गटारीच्या कडेने, बसच्या पोटाखालून वाट काढत होता. प्रत्येक बुलेटच्या आवाजाला मी बाहेर डोकं काढून बघत होते. पुढे कुठेतरी गर्दी दिसली, तेव्हा मी डोळेच मिटून घेतले. केळीवाल्याची गाडी कलंडली होती, एवढंच. मी मनात नवस बोलत होते. आधी एकवीस मोदकांचा, मग एकशे एक. मग म्हटलं, देवा, तूच आकडा सांग, पण तिला थांबव. हॉस्पिटलच्या नोकरीचा, त्या नाशिकचा, त्या व्हिडिओतल्या मेल्याचा, सगळ्यांचा राग येत होता. सगळ्यात जास्त माझा.

घोडबंदरच्या वळणाच्या अलीकडे फोन वाजला.

"आई, किती मिस्ड कॉल! काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"तू कुठेस? गाडी बंद कर! आधी बंद कर!"

"बंदच आहे. वळणाच्या इथे चहाच्या टपरीवर थांबलेय. ट्रॅफिकमध्ये गाडी जाम तापली आणि डावीकडून काहीतरी कुंईऽऽ असं बारीक वाजायला लागलं. खडखड नाही गं, वेगळंच. म्हटलं, आधी तुला विचारावं."

मी रिक्षात ढसाढसा रडायला लागले. रिक्षावाल्याने न विचारता हॉर्नवर हात ठेवला आणि टपरी येईपर्यंत काढला नाही.

केतकीने मला गाऊनवर उतरताना बघितलं आणि आधी खो खो हसली. "आई, तुझं तोंड बघ. आणि कपडे बघ!" मग माझ्या हातातली पट्टी बघितली आणि ती काढून घेतली. मी सगळं सांगितलं. म्हटलं, "गाडी इथेच ठेव. टेम्पो करून घरी नेऊ. तू बसने जा, रफिकभाई आला की बघेल."

ती गाडीच्या डाव्या झाकणाशी वाकली. "आई, चेन ढिलीच करायची आहे ना? मग ती घरी काय आणि इथे काय."

"रस्त्यावर?"

"पाने आहेत माझ्याकडे. तेल धरायला काहीतरी हवं फक्त."

तेल धरायला होता थालीपिठांचा डबा. तो रिकामा करायचा तर थालीपिठं खाल्ली पाहिजेत. इंजिन थंड व्हायला वेळ लागणारच होता. मग आम्ही तिघांनी, मी, केतकी आणि रिक्षावाल्याने, टपरीच्या बाकावर बसून थालीपिठं खाल्ली. रिक्षावाला तर "वाह, क्या चीज है" म्हणत तीन खाऊन मोकळा झाला. टपरीवाल्याने एक रिकामा पत्र्याचा डबाही दिला.

यावेळी केतकीचे हात भराभर चालले. पेडल निघालं, झाकण निघालं, तेल दोन डब्यांत उतरलं. नव्या पट्टीच्या अस्तरावर चकचकीत डाग पडायला सुरुवात झालीच होती. चीर नव्हती. मी बोट फिरवून दोनदा बघितलं. मग रफिकभाईला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"किक हाथ से धीरे-धीरे घुमाओ," तो म्हणाला. "चेन हर जगह एक जैसी नहीं होती. जहाँ सबसे टाइट लगे, वहाँ रुको. उधर उंगली से दबाओ. छोटी उंगली के नाखून जितनी दबनी चाहिए. ना ज़्यादा, ना कम."

केतकी किक फिरवत गेली, मी चेनवर बोट ठेवून. सैल, सैल, घट्ट, अजून घट्ट. "थांब, इथे." तिने स्क्रू थोडा उलटा फिरवला. मी दाबलं. अजून थोडा. परत दाबलं. चेन दबली, करंगळीच्या नखाएवढी.

"रफिकभाई, बरोबर आहे ना? ठीक है ना?"

तो हसला. "मैं यहाँ से कैसे बोलूँ, भाभी? उंगली तो तुम्हारी है."

केतकी पाना धरून माझ्याकडे बघत होती. "बरोबर आहे का, आई? आवळू नट?"

तिच्यामागे रस्त्यावरून कंटेनर धडाधड जात होते. पुढे गायमुखाचा चढ, मग ठाणं, मग कसारा. मी नुसती मान हलवली असती, "नाही गं, मला काही भरवसा वाटत नाही" असं म्हटलं असतं, तर ती गाडी ठेवून बसने गेली असती. मी म्हणेन ते तिने ऐकलं असतं, कारण आदल्या दिवसापासून तिच्या लेखी मीच मेकॅनिक होते. मला तेच म्हणायचं होतं. ते शब्द अगदी तोंडाशी आले होते. आणि कुणालाही ते खोटं ठरवता आलं नसतं, रफिकभाईलाही नाही. पण माझ्या बोटाखालची चेन बरोबर होती. ते मला कळत होतं, आणि एकदा कळल्यावर माझ्या तोंडून खोटं निघेना.

"बरोबर आहे," म्हटलं. "आवळ."

झाकण लागलं, गाळून घेतलेलं तेल परत आत गेलं. तिने किक मारली. धडधडीच्या खालून बारीक खडखड ऐकू आली. केतकीने भुवया उंचावल्या.

"येतोय आवाज."

"येऊ दे. ठाण्याला थांब, थंड होऊ दे, ऐक. कुंई केलं तर गाडी सोड आणि बसने जा. कळलं?"

"कळलं, मेकॅनिक." तिने तेलकट हातांनीच मला मिठी मारली. गाऊनवर ते डाग अजून आहेत. मग हेल्मेट घातलं, आरशातून एकदा बघितलं आणि गेली. मी टपरीसमोर उभीच. रिक्षावाला म्हणाला, "चलें, माताजी? पहुँच जाएगी."

तो दिवस कसा गेला ते विचारू नका. आमचे हे टीव्ही लावून बसले होते आणि काहीही बघत नव्हते. मी कुकर दोनदा लावला, एकदा तर तांदूळच न घालता. ठाण्याहून तिचा मेसेज आला, "कुंई नाही." घाटाच्या पायथ्याशी पुन्हा, "नाही." त्यानंतर काहीच नाही. मी फोन देवघरात ठेवला, परत काढला, परत ठेवला.

उन्हं कलली तेव्हा फोन वाजला. "पोचले" असं काही लिहिलंच नव्हतं. नुसता आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. मी फोन कानाशी धरला. आधी वारा, मग कुणीतरी "ओ मॅडम, गाडी बाजूला घ्या" म्हणतंय, आणि मग इंजिन. धडधड, धडधड, आणि तिच्या खाली ती खडखड. सकाळी सोडली होती तेवढीच, बेताची.

हे बाहेरून ओरडले, "काय गं, काय पाठवलंय? पोचली का?"

मी हात वर करून त्यांना गप्प बसवलं आणि परत लावलं.